टाका-दोरा : बॅगेचं पोट नको, पाय बघा

(सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत तीस वर्षं बॅगा दुरुस्त करणाऱ्या ताई दर महिन्याला वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

ताई, टॉवेल-नॅपकिनच्या ऑर्डरी घेत मी महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी मुंबई, नाहीतर एसटीनं हैदराबाद. दोन वर्षांत तीन बॅगा झाल्या. दर वेळी चाकच जातं. आता आठ-नऊ हजारांची घ्यावी म्हणतो. कडक घेऊ की कापडी?
– विक्री प्रतिनिधी, अक्कलकोट रोड एमआयडीसी

दादा, पत्राबरोबर कारखान्यातल्या पोराच्या हाती तुम्ही बॅगही पाठवलीत, हे फार बरं केलंत. नुसतं पत्र आलं असतं तर मीही कडक की कापडी यातच अडकले असते.

बॅग टेबलावर उलटी ठेवली. उजवं चाक बोटानं ढकललं, हललं नाही. मोडलेलं नव्हतं, आवळलेलं होतं. चाकाच्या दांडीपाशी ब्लेड घालून हळूहळू कापलं तेव्हा आधी गुलाबी सूत निघालं, मग पांढरं, मग मोरपंखी, आणि तळाशी तेलकट काळा गोळा. तुमच्या टॉवेलचं सूत, दादा! कारखान्याच्या फरशीवरून बॅग ओढत नेताना दर वेळी वीतभर सूत चाकात शिरतं आणि दांडीवर गुंडाळलं जातं. चाक फिरायचं थांबतं, पण तुम्ही ओढायचं थांबत नाही. मग फलाटावर ते घासत जातं, एका बाजूनं चपटं होतं, आणि एक दिवस दोन तुकडे होऊन पडतं. डाव्या चाकातलंही सूत काढलं तेव्हा ते नव्यासारखं फिरायला लागलं. उजवं चपटं झालं होतं म्हणून जोडी बदलली. पूर्व भागातल्या गिऱ्हाइकांच्या दहांतल्या सहा-सात बॅगा मला अशाच सापडतात. पंधरा दिवसांतून एकदा बॅग आडवी करा, चिमट्यानं सूत-केस ओढून काढा. बायकोचा जुना भुवयांचा चिमटा त्याला एकदम बेस, फक्त विचारून घ्या.

आता नवी बॅग. दुकानदार बॅग उभी करून दाखवतो, चेन उघडून आतलं गुळगुळीत अस्तर दाखवतो. तुम्ही म्हणायचं, उलटी करा. चाकाचा डबा स्क्रूनं बसवलाय की रिबिट ठोकलंय, ते बघायचं. स्क्रू असेल तर दहा मिनिटांत चाक बदलतं. रिबिट असेल तर मला ते आधी ड्रिलनं फोडावं लागतं, आणि पातळ कवच त्यातच तडकतं. अस्तराला आतून चेन आहे का तेही बघा. ती असली की आत हात घालून ट्रॉलीच्या नळ्यांपर्यंत पोचता येतं. नसेल तर मला अस्तर उसवावं लागतं, आणि उसवून पुन्हा शिवलेलं अस्तर कधी पहिल्यासारखं बसत नाही, मी शिवलं तरी.

चार चाकांची बॅग विमानतळाच्या फरशीवर नुसत्या बोटानं चालते. पण तिची चाकं बाहेर लोंबतात आणि चारही बाजूंना वळतात, म्हणून धक्का पहिला त्यांनाच बसतो. शिवाय गाडीनं ब्रेक मारला की बॅग डब्यातून फिरायला निघते. तुमचा रस्ता म्हणजे स्टेशनचा जिना, एसटी स्टँडचे खड्डे, मंगळवार पेठेतलं गटाराचं झाकण. तुम्ही दोन चाकांची घ्या. तिची चाकं अर्धी अंगात बसलेली असतात, आकारानंही मोठी असतात आणि मोडायला वेळ लागतो. तिरकी करून ओढावी लागते, मनगटाला जरा जड जातं, तेवढं सोसा.

तुम्हाला मी कापडी सुचवीन. सॅम्पलं भरायला बाहेरचे खिसे मिळतात, आणि बर्थखाली कोंबताना ती थोडी दबते. २४ इंचांच्या वर जाऊ नका. मोठी बॅग बर्थखाली अडते, मग ती वाटेत ठेवून रात्रभर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोल ऐकत बसावं लागतं. स्लीपरला आणि थ्री एसीला माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळे रेल्वेत वजनाची तुम्हाला अडचण नाही. अडचण हँडलची. भरलेली बॅग ट्रॉलीच्या दांड्याला धरून जिना चढू नका. दांडा ओढण्यासाठी असतो, उचलायला वरचं आणि बाजूचं हँडल असतं.

कापडावर डेनियर, म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप, लिहिलेलं असतं. इथं आपल्या लोकांची हमखास गल्लत होते, कारण आपण सुताच्या काउंटमध्ये वाढलो. चाळीसचं सूत वीसपेक्षा बारीक, हे सोलापुरात पोरांनाही ठाऊक असतं. डेनियरचं नेमकं उलटं. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितकं डेनियर. म्हणजे आकडा वाढला की धागा जाड. ६०० डेनियरचं पॉलिस्टर वर्षातून दोनदा गावी जाणाऱ्याला पुरतं. तुम्ही १६८० डेनियरचं नायलॉन बघा. पण नुसत्या आकड्यावर भुलू नका, विणकर माणूस विणही बघतो. कापड दोन अंगठ्यांनी ताणून धरा. शिवणीपाशी उजेड दिसला तर ठेवून द्या, आकडा काही का असेना.

कडकच घ्यायची असेल तर अंगठ्यानं मधोमध दाबा. पॉलिकार्बोनेटचं प्लास्टिक आत जातं आणि परत येतं. त्याला ओरखडे पडतात, पण सहसा ते फुटत नाही. एबीएस हे दुसरं प्लास्टिक स्वस्त आणि टणक, पण आपटलं की कोपऱ्यात तडकतं. लेबलावर 'पीसी फिल्म' असेल तर समजा की खाली एबीएस आहे आणि वर पॉलिकार्बोनेटचा नुसता पापुद्रा.

वॉरंटीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या लग्नात मी स्वतः एका नावाजलेल्या कंपनीची बॅग आहेर म्हणून दिली. सातव्या महिन्यात ट्रॉलीचा दांडा वरच अडकला. सेंटरवाले म्हणाले, हे 'वापरामुळे' झालं. अहो, बॅग वापरायची नाही तर पूजायची होती का? कार्ड नीट वाचलं तेव्हा कळलं की वॉरंटी बनावटीच्या दोषाला होती, झिजेला आणि विमानात झालेल्या मोडतोडीला नव्हती. शेवटी मीच उघडली. आतली दोन रुपयांची स्प्रिंग निसटली होती. तेव्हापासून मी दुकानात वर्षं किती असं विचारत नाही. चाक आणि दांडा सुटा मिळतो का, एवढंच विचारते.

आठ-नऊ हजार घालवू नका. चार-साडेचारात तुमचं काम होईल. तुमची ही बॅगही अजून वर्षभर जाईल, शनिवारी घेऊन जा.

पाच वर्षांपूर्वी सहलीसाठी महागाची बॅग घेतली, एकदाच वापरली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. आता काढली तर चाकांचा रबर भुसा होऊन पडतोय आणि आतून सगळं चिकट झालंय. न वापरता कशी खराब झाली?
– गृहिणी, जुळे सोलापूर

वहिनी, न वापरता ठेवली म्हणूनच नव्हे, पण जिथं ठेवली त्यानं झाली. चाकांवरचं ते आवरण बहुतेक वेळा रबर नसतं, पॉलियुरेथेन असतं. कापडाच्या आतल्या बाजूलाही बऱ्याचदा त्याचाच लेप असतो. हवेतल्या ओलाव्यानं हा पदार्थ आतून हळूहळू तुटत जातो आणि उष्णतेनं ते काम लवकर होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, त्यात पत्र्याखालचा माळा, त्यात प्लास्टिक. पावसाळ्यातली दमट हवा आत कोंडली आणि उन्हाळ्यात ती शिजली. लग्नात नेमके आठवणीनं काढलेले बूट मांडवातच तळवे सोडतात ना, त्याचंच हे भावंड.

चाकं बदलून मिळतील. लेप मात्र परत लावता येत नाही. तो खरवडून आत साधं सुती अस्तर शिवून देते, बॅग वापरती होईल. पुढच्या वेळी प्लास्टिक नको, जुन्या सुती चादरीत गुंडाळा आणि माळ्याऐवजी पलंगाखाली ठेवा. आणि वर्षातून दोन-तीनदा माहेरी न्या की हो तिला!

मुलगी शिकायला जर्मनीला निघाली आहे. एकच मोठी ३० इंची बॅग घ्यावी की दोन मध्यम?
– वडील, विजापूर रोड

दोन. मोठी बॅग भरताना भान राहत नाही, ती सहज तीस किलोच्या वर जाते. बऱ्याच विमान कंपन्या साध्या तिकिटावर एका नगाला २३ किलो देतात आणि लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटिमीटरपर्यंत धरतात. ३२ किलोच्या वरचा एकच नग तर सहसा घेतच नाहीत. दोन नग मिळतात की एक, ते तिकिटावर बघून मगच बाजारात जा. रिकाम्या बॅगेचं वजनही त्या तेवीसमध्येच धरतात. पाच किलोची बॅग घेतलीत तर पोरीला अठराच उरले. दुकानात ताणकाटा मागा.

इथं मात्र पॉलिकार्बोनेटची कडक घ्या, बॅगा फेकल्या जातात. चाकं मोठी बघा. तिकडच्या जुन्या गावांत दगडी फरसबंदी असते, छोटी चाकं त्या फटींत अडकतात. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, खाली दिलेल्या सामानात चालत नाही. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय देशांत बाहेरून नेऊ देत नाहीत, म्हणून तुपाची बरणी आणि पेढे आजीला कितीही वाटलं तरी काढून ठेवा. कडक भाकरी स्टीलच्या डब्यात घालून कपड्यांच्या मधोमध ठेवा, नाहीतर तिकडे चुरा निघेल. हँडलला सोलापुरी चादरीची चार बोटं पट्टी शिवून द्या. पट्ट्यावर शंभर काळ्या बॅगा फिरत असतात, तिची लांबूनच ओळखू येईल. आणि उतरल्यावर बॅग फुटलेली दिसली तर विमानतळ सोडण्याआधी काउंटरवर तक्रार लिहून तिची प्रत घ्यायला सांगा. आंतरराष्ट्रीय प्रवासात लेखी तक्रारीला बॅग हातात आल्यापासून ७ दिवसांचीच मुदत असते.

होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालंय. माझी केबिन बॅग मुंबईच्या विमानात बसते, यात बसेल का?
– प्राध्यापक, सात रस्ता

२०२५ मध्ये सुरू झालेलं ते पंख्याचं एटीआर विमान आहे. त्याच्या डोक्यावरच्या कप्प्यांची उंची कमी असते. कडक ट्रॉली कधी कधी शिडीपाशीच काढून घेतात आणि पोटात टाकतात. मऊ पाठपिशवी न्या, ती सीटखालीही सरकते. लॅपटॉप आणि औषधं हाताशी राहतील अशी वेगळी काढून ठेवा, सर.

चेन लावली की रनरच्या मागून पुन्हा उघडते. पूर्ण चेन बदलायचे सहाशे रुपये सांगितले. बरोबर आहे का?
– विद्यार्थिनी, अशोक चौक

दात शाबूत असतील तर नाही. बहुतेक वेळा दात नाही, रनर झिजतो. त्याचे दोन ओठ फाकतात आणि दात नीट दाबले जात नाहीत. पक्कडीनं रनरच्या मागच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबा, आधी एक, मग दुसरी. जोरात दाबलंस तर तो तुटेल. आठवडाभर टिकलं तर ठीक, नाहीतर नुसता रनर बदलून घे. रनरच्या मागे ५, ८ किंवा १० असा नंबर असतो, त्याच नंबरचा माग. फोटो पाठव गं, मग सांगते.

आईच्या १९८९ सालच्या लग्नातली नंबर-कुलपाची कडक सुटकेस आहे. नंबर कुणालाच आठवत नाही. फोडून भंगारात द्यावी का?
– वाचक, बाळीवेस

अजिबात फोडू नका. तीन आकड्यांचं कुलूप म्हणजे ००० ते ९९९, हजारच शक्यता. एका हातानं कळ सरकवलेली धरून दुसऱ्या हातानं एकेक आकडा फिरवत गेलात तर तास-दीड तासात उघडते. मी टीव्हीवरची मालिका ऐकत अशा कितीतरी उघडल्यात. दोन कुलपं असतील तर बहुतेकांनी दोन्हींना एकच नंबर दिलेला असतो. त्याआधी आईंच्या लग्नाची तारीख, तुमची जन्मतारीख, जुन्या घराचा नंबर लावून बघा.

प्रवासाला ती आता नेऊ नका. चाकं नाहीत आणि रिकामीच जड आहे. पण झुरळ-वाळवीपासून साड्या सांभाळायला तिच्यासारखी पेटी नाही. बिजागरी सैल झाली असेल तर घेऊन या. फक्त संक्रांतीच्या आठवड्यात येऊ नका, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत माझं दुकान बंद असतं.