आधी एकच भिंत घ्या

दिवाळीआधी अख्खा टू बीएचके घरातल्या दोघांनीच रंगवायचा तुमचा बेत झकास आहे. पण पहिल्या शनिवार-रविवारी बेडरूमची एकच भिंत घ्या, तीही पलंगामागची. चुकली तर झाकली जाते.

रंग लावणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. घाम निघतो तो त्याच्या आधी.

१. भिंतीला ओल असेल तर डबा उघडूच नका. गळती शोधा, भिंत पूर्ण वाळू द्या. आम्ही घाईने ओलीवरच पुट्टी (भिंत सपाट करायचा लेप) मारली होती. दोन महिन्यांत पोपडे.

२. पुट्टी पातळ लावा. वाळली की १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि तळहात फिरवून बघा, डोळ्यांना न दिसणारे उंचवटे हाताला लागतात. तोंडाला मास्क हवाच. इमारत फार जुनी असेल तर जुना रंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

३. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, वगळू नका. नवखे हमखास वगळतात, मग पुट्टी रंग पिते आणि चट्टे उठतात.

आता दोघांचं. एकाने ब्रशने कडा मारायच्या, दुसऱ्याने कडा ओल्या असतानाच मागोमाग रोलर फिरवायचा. नाहीतर पट्टा दिसतो. आमच्याकडे कडा बायकोकडे, माझा हात हलतो. शिडी धरणाऱ्याने फक्त शिडी धरायची, सूचना नाहीत!

टेक्स्चर (उठावदार नक्षीचा रंग) वगैरे पुढच्या वर्षी. पहिला हात वाळताना भयंकर दिसेल. घाबरू नका, डब्यावर लिहिलेला वेळ थांबा आणि दुसरा मारा.