सॉलिडवर्क्स येतं, तर लाकडी सांगाड्याचं घर त्यातच मॉडेल करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यंत्रांचे पार्ट आणि असेंब्ली तुम्ही सॉलिडवर्क्स या त्रिमितीय कॅड सॉफ्टवेअरमध्ये रोज करता, आता टू-बाय-फोरच्या (नावाला दोन बाय चार इंची लाकडी काठ्यांच्या) सांगाड्याचं एक छोटं घर त्याच सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचंय, पण पहिल्या भिंतीतच मेट्सचा (भाग एकमेकांना जखडणाऱ्या बंधनांचा) गुंता झालाय. हेच पुढे रेटावं की आर्किटेक्ट वापरतात तसलं काही नव्याने शिकावं?

रेटा. फक्त मॉडेल कशासाठी हवंय ते आधी ठरवा. कुठला तुकडा किती लांब कापायचा, छपराचे कोन किती, पाइपाच्या वाटेत काय येतंय, हे हवं असेल तर यांत्रिक कॅड या कामाला चोख आहे. घरांच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये भिंत म्हणजे एक सलग जाड वस्तू असते, आतल्या काठ्या नंतर भरल्या जातात. तुम्हाला तर काठ्याच हव्यात. खोल्यांची मांडणी अजून रोज बदलत असेल, तर मात्र कागद-पेन्सिल किंवा स्केचअपसारखं सोपं सॉफ्टवेअर घ्या आणि मांडणी पक्की झाल्यावर इकडे वळा. पॅरामेट्रिक (मापांच्या नात्यांवर बांधलेल्या) मॉडेलला कच्चा विचार सोसत नाही.

आता गुंत्याबद्दल. यंत्रात शाफ्ट बेअरिंगमध्ये बसतो, बेअरिंग हाउसिंगमध्ये. एक भाग दुसऱ्याची जागा ठरवतो, म्हणून तिथे मेट शोभतो. घरात स्टड (भिंतीतली उभी काठी) कुठे उभा राहणार हे शेजारचा स्टड ठरवत नाही, प्लेटवर (स्टडच्या वर-खालच्या आडव्या काठीवर) मारलेली खूण ठरवते. एक काठी पूर्ण जखडायला साधारण तीन मेट लागतात, म्हणजे चाळीस काठ्यांच्या भिंतीला एकशेवीस. एक खिडकी सरकवा आणि त्यातले किती तुटून लाल होतात ते बघा.

म्हणून सगळ्यात आधी फक्त रेषांचा एक पार्ट करा. जोत्याची बाहेरची कड, प्रत्येक मजल्याची पातळी, भिंतींच्या बाहेरच्या बाजू, आढ्याची रेषा, छपराचा उतार. एकही घन वस्तू त्यात नको. पुढचा प्रत्येक पार्ट या रेषांकडे बघून बनेल आणि असेंब्लीत मूळबिंदूवर मूळबिंदू ठेवून बसेल. मेट जवळपास लागतच नाहीत. घराची रुंदी एक फुटाने वाढवायची झाली तर एकाच स्केचमधला एक आकडा बदलायचा.

प्रत्येक भिंत हा एक मल्टीबॉडी पार्ट (एकाच फाइलीत अनेक सुटे तुकडे) ठेवा. प्रत्यक्षातही भिंत जमिनीवर आडवी जोडून मग उचलून उभी करतात, त्यामुळे ही विभागणी कामाच्या क्रमाशी जुळते. आत काठ्यांसाठी वेल्डमेंटची सोय वापरा. ती लोखंडी चौकटींसाठी केलेली असली तरी लाकडाला तितकीच चालते. इन्व्हेंटर हे दुसरं कॅड वापरणारे हेच काम फ्रेम जनरेटरने करतात. प्रोफाइल (काठीच्या छेदाचा आकार) स्वतः बनवा आणि खऱ्या मापाचं बनवा: टू-बाय-फोर म्हणजे १.५ × ३.५ इंच (३८ × ८९ मिमी), टू-बाय-सिक्स १.५ × ५.५, टू-बाय-टेन १.५ × ९.२५. प्रोफाइलच्या स्केचमध्ये चारही कोपऱ्यांवर आणि कडांच्या मध्यावर बिंदू टाकून ठेवा. तुमच्या मूळ रेषा सांगाड्याच्या बाहेरच्या बाजूला आहेत, तेव्हा काठी मध्यावर न बसवता कोपऱ्यावर बसवावी लागते, आणि ते बिंदू तिथे उपयोगी पडतात. आणखी एक गोष्ट. दोन काठ्या कोपऱ्यात भेटल्या की सॉफ्टवेअर आपण होऊन ४५ अंशांचा जोड देतं. फोटोफ्रेमला ते छान, भिंतीला निरुपयोगी. प्लेट आणि स्टड वेगवेगळ्या गटांत टाका आणि स्टड प्लेटपाशी सरळ छाटा.

आता ज्या ठिकाणी यंत्रवाल्यांची हमखास फसगत होते ते. स्टड १६ इंचांवर असतात असं वाचून आपण पहिला स्टड कोपऱ्यात ठेवतो आणि १६ इंचांचा लिनियर पॅटर्न (ठराविक अंतरावर नकला) मारतो. दिसायला बरोबर. पण पहिल्या स्टडचा मध्य कोपऱ्यापासून पाऊण इंचावर आहे, म्हणून पुढचे मध्य १६.७५, ३२.७५, ४८.७५ असे पडतात. बाहेरून लागणारा प्लायवूड किंवा ओएसबीचा (लाकडी चकत्या दाबून केलेल्या फळीचा) पत्रा ४८ इंच रुंद, त्याची सुरुवात कोपऱ्यापासून. म्हणजे त्याची कड ४८ वर संपते आणि तिथला स्टड नेमका ४८ वरच सुरू होतो. खिळा मारायला पहिल्या पत्र्याखाली लाकूडच नाही. खरी मांडणी कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात: दुसऱ्या स्टडची जवळची कड १५.२५ वर, मध्य १६ वर, आणि तिथून पॅटर्न सुरू. कोपऱ्यातला स्टड या पॅटर्नच्या बाहेरचा, वेगळा. भिंतीच्या शेवटीही तसंच, उरलेलं अंतर कितीही असो, तिथे एक स्टड येतोच. पत्रेही मॉडेलमध्ये टाका, निदान एकदा, म्हणजे सांधे स्टडच्या मध्यावर येतात की नाही ते डोळ्यांना दिसेल. दोन पत्र्यांत साधारण ३ मिमी फट सोडतात, त्यामुळे पत्रे ४८च्या जाळीवर ठेवा आणि फट पत्र्याच्या मापातून वजा करा.

खिडकी आली म्हणून ही मांडणी सरकत नाही. खिडकीच्या दोन बाजूंना किंग (पूर्ण उंचीचे) आणि जॅक (हेडर पेलणारे) स्टड त्यांच्या हिशोबाने येतात, पण हेडरच्या (खिडकीवरच्या तुळईच्या) वरचे आणि सिलच्या (खिडकीखालच्या आडव्या काठीच्या) खालचे आखूड तुकडे मूळच्या १६ इंचांवरच राहतात. त्यामुळे उघडीचा (खिडकीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेचा) संच वेगळा बनवून, मापांचे पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये ठेवून, भिंतीवर आणून बसवणं सोपं जातं. उघडीचं माप म्हणजे खिडकीचं माप नव्हे हे तुम्हाला ठाऊक असेलच. किती जास्त ठेवायचं ते खिडकी बनवणाऱ्याच्या तक्त्यात असतं.

भिंतींच्या कोपऱ्यात एक भिंत आरपार जाते, दुसरी तिच्यावर येऊन टेकते. आरपार भिंतीची लांबी घराएवढी, टेकणारीची घराच्या रुंदीतून ३.५ इंच दोनदा वजा करून. वरच्या दुहेरी प्लेटमधली सर्वांत वरची प्लेट मात्र उलटी जाते: टेकणाऱ्या भिंतीची पुढे येऊन आरपार भिंतीवर बसते, त्यानेच कोपरा बांधला जातो. उंचीचा हिशोब सोपा. अमेरिकेत आठ फुटी छतासाठी तयार कापलेला स्टड ९२ ५/८ इंचाचा मिळतो, त्यात तीन प्लेट मिळवल्या की ९७ १/८.

छपरात तुमच्या सॉफ्टवेअरचं खरं मोल कळतं. १२ इंच आडव्या अंतराला ६ इंच चढ म्हणजे २६.५७ अंश, आणि १२ इंच आडव्या अंतराला वासा १३.४२ इंच. साधे वासे कुणीही काढेल, फक्त आढ्याच्या फळीची अर्धी जाडी वजा करायला विसरू नका. मजा कोनवाशाची. तो घराच्या कोपऱ्यातून तिरका जातो, त्याला १२ ऐवजी जवळजवळ १७ इंच आडवं अंतर मिळतं, म्हणून चढ १९.४७ अंशांवर उतरतो. त्याला येऊन मिळणारे आखूड वासे प्रत्येकी वेगळ्या लांबीचे, दोन्ही दिशांनी तिरके कापलेले. इथे पॅटर्न वापरू नका. सगळे लांब काढा आणि कोनवाशाच्या बाजूपर्यंत छाटा. तपासणी अशी: १६ इंचांवरच्या दोन शेजारच्या वाशांच्या लांबीत १७.८९ इंचांचा फरक आलाच पाहिजे. नाही आला तर मूळ रेषांकडे परत जा. कट लिस्टमधला (कापायच्या तुकड्यांच्या यादीतला) एकच कोन अशा दुहेरी तिरक्या कापाला पुरत नाही, करवतीच्या पात्याचा कोन आणि लाकडावरच्या रेघेचा कोन ड्रॉइंगमध्ये वेगवेगळे द्या. शिवाय डावा आणि उजवा तुकडा एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असतात. यादीत ते एकाच नगात मोजले गेलेत का, हे हाताने तपासा.

आता सवयीची गोष्ट. आपल्याला मिलिमीटरचा शंभरावा भाग बघायची खोड असते. लाकूड तुमच्या टॉलरन्सला भीक घालत नाही. तंतूंच्या दिशेने ते जवळजवळ आटत नाही, पण आडव्या दिशेने ओलावा एक टक्का उतरला की साधारण पाव टक्का आटतं. एका मजल्यात आडवं पडलेलं लाकूड मोजा: ९.२५ इंची जॉइस्ट (मजला पेलणारी आडवी तुळई) आणि १.५ इंची तीन प्लेट, मिळून १३.७५ इंच. ओलावा १९ वरून १० टक्क्यांवर आला की ते सुमारे ८ मिमीने खाली बसतं. स्टड मात्र जागच्या जागी. मॉडेलमधली मापं यासाठी बदलू नका, पण उभा पाइप, लोखंडी खांब किंवा विटांचं आवरण सांगाड्याला जिथे भेटतं तिथे हालचालीला जागा ठेवा.

इंटरफेरन्स तपासणी (भाग एकमेकांत घुसतात का ते बघणारी) जरूर चालवा, मॉडेलमध्ये खिळे दाखवत बसू नका. पण तिच्यावर सगळं सोपवूही नका. ती टक्कर दाखवते, नियम दाखवत नाही. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत जॉइस्टमधलं भोक त्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून मोठं चालत नाही आणि वरच्या-खालच्या कडेपासून २ इंच दूर लागतं. टू-बाय-टेनला हे ३.०८ इंच. शौचालयाच्या ३ इंची पाइपाचा बाहेरचा व्यास ३.५ इंच. तुम्ही मॉडेलमध्ये नीटनेटकं भोक पाडाल, टक्कर शून्य दिसेल, आणि जॉइस्ट बाद झालेला असेल. तो पाइप जॉइस्टना समांतरच न्यावा लागतो, आणि हे मांडणीच्या वेळी सुचलं तर बरं.

ताणाचं विश्लेषण करण्याचा मोह होईल, बटण समोरच आहे. टाळा. लाकडाचा ताठपणा तंतूंच्या दिशेने आडव्या दिशेच्या दहा-वीस पट असतो, आणि सांगाड्याचं वागणं बरंचसं खिळ्यांच्या जोडांवर ठरतं. पोलादासारखं एकच मॉड्युलस (ताठपणाचा आकडा) टाकून निघालेलं रंगीत चित्र कुणाला दाखवू नका. तुळयांची आणि हेडरची मापं तक्त्यांतून किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या.

ड्रॉइंग काढताना भिंतीला एक पान द्या, बाहेरून दिसेल तसं एकच दृश्य. सगळी मापं एकाच टोकापासून वाढती लिहा, कारण टेप तिथेच अडकवून ठेवतात. साखळीने दिलेल्या मापांत प्रत्येक खुणेची चूक पुढच्या खुणेत जाते. दशांश बंद करून सोळाव्या इंचापर्यंत अपूर्णांक लावा, आणि प्रत्येक काठीला कट लिस्टमधला क्रमांक. पानाच्या कोपऱ्यात भिंतीचं नाव आणि बाहेरची बाजू कुठली तेही लिहा, नाहीतर आडवी जोडलेली भिंत उलटी उभी राहते.