वाचकांचे प्रश्न: पणजीची पैठणी खरंच पेशवाईतली?

प्रश्न: माझ्या पणजीची नऊवारी पैठणी आता माझ्याकडे आली आहे. घरात सगळे तिला 'पेशवाईतली पैठणी' म्हणतात. अंग जांभळं, काठ नारळी, पदरावर वेल आणि फुलं. जर काळी पडली आहे. ती खरंच इतकी जुनी असेल का? माझं वय ५६. फोटो सोबत पाठवले आहेत. (वाचक, सातारा)

उत्तर: ताई, पैठणीकडे वळण्याआधी पिढ्यांचा हिशेब मांडू. तुमचा जन्म १९७० च्या आसपासचा. म्हणजे आई १९४५ च्या सुमाराची, आजी १९२० ची, पणजी १९०० च्या मागेपुढे जन्मलेली. मुलींच्या लग्नाचं वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा. त्याआधी दहाव्या-बाराव्या वर्षी मुलीला उजवत, तेव्हा पणजीचं लग्न १९१०-१२ च्या सुमारास झालं असावं. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये. पैठणी त्या काळातली असेल तर पणजीलाही ती कुणाकडून तरी आलेली असणार, आणि अशा वेळी घरात 'पणजीच्या सासूची', 'कोल्हापूरच्या आत्याची' असं एखादं तरी बोलणं टिकून राहतं. तुमच्या घरातली आठवण पणजीपाशीच थांबते.

आता रंग. पूर्वी रेशमावर जांभळा रंग लाख आणि नीळ यांच्या मेळातून साधत. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाच्या हाती डांबरापासून जांभळा रंग लागला. पुढे असे रंग परदेशातून येऊ लागले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या हाती रुळले. तुमच्या फोटोत घडीच्या बाहेरच्या कडा करड्या पडल्या आहेत आणि घडी उलगडली की आतला जांभळा डोळ्यांत भरतो. उजेडाने असा उतरणं हे त्या सुरुवातीच्या रासायनिक रंगांचं लक्षण. एवढ्यावर निकाल देऊ नये, पण कौल तिकडे जातो.

जर काळी पडली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मला तर ते पाहून आनंद झाला. जुन्या खऱ्या जरीत चांदीची चपटी तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असे आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. मुलामा झिजला की चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. तांब्याची जर लालसर किंवा हिरवट होते आणि हल्लीची प्लॅस्टिकची जर काळी पडतच नाही. पदराच्या टोकाला एखादा धागा आपोआप सुटला असेल तर तेवढाच भिंगाखाली धरा. तार गुंडाळलेली आणि मधला गाभा रेशमाचा दिसला तर तो चांगला पुरावा. काठातून मात्र धागा ओढू नका.

मग पदर उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत नक्षीतल्या प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. विणकर ती त्या रंगाच्या हद्दीपर्यंतच नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे धागे लोंबतात किंवा कापलेले दिसतात. तुमच्या उलट्या बाजूच्या फोटोत वेलीचं एकेक पान पुढच्याइतकंच स्वच्छ आहे. तो फोटो मी बराच वेळ पाहत बसले होते.

एक काम तुम्ही करा: लांबी मोजा. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. कमी भरली तर कुणीतरी तिच्यातून परकर-पोलकं काढलं असणार, आणि ती कापलेली कड कुठे आहे ते पाहण्यासारखं असतं. कासोटा जिथून मागे खोचतात तिथे आणि टाचेला घासणाऱ्या काठावर कापड विरलंय का तेही बघा. ती झीज असेल तर पैठणी एका दिवसाची नाही, पणजीने ती सणावारांना खूप नेसली. हळदीचा डाग दिसला तर काढू नका, तोही तिच्या आयुष्यातलाच आहे.

माझा अंदाज १८९० ते १९२० मधला, आणि त्यातही पणजीच्या लग्नाच्या वेळची. मग 'पेशवाईतली' हे कुठून आलं? पदरावरचा तुमचा वेल म्हणजे असावली. पेशवाईत तिचं फार कौतुक होतं. त्या नक्षीला कुणीतरी 'पेशवाई' म्हटलं असेल आणि शब्द नक्षीवरून वस्त्रावर सरकला असेल. तेव्हा घरच्यांना खोटं पाडू नका. नक्षीचं वय त्यांना बरोबर माहीत होतं.

प्रश्न: आमच्याकडे खणाची एक कुंची आहे. आई म्हणते, ती आजोबांची. आजोबांचा जन्म १९०८ चा. पण तिला गळ्याशी टिचबटण आहे, म्हणून मावसभाऊ म्हणतो, कुंची नंतरची. कोण बरोबर? (वाचक, बेळगाव)

उत्तर: दोघेही बरोबर असू शकतात. टिचबटणाचं पहिलं पेटंट जर्मनीत १८८५ मध्ये निघालं, पण १९०८ मध्ये आपल्याकडे बाळाच्या कुंचीला ते सहज लागलेलं असेल असं मला वाटत नाही. तरी कुंची एका बाळापुरती शिवली तरी ती चार-पाच बाळांच्या डोक्यावर चढते. बटणाच्या शेजारी नीट बघा. नाडी तोडल्याची दोन खुंटं किंवा जुन्या टाक्यांची भोकं दिसली तर पहिल्यांदा तिथे बंद होते आणि बटण मागून आलं.

बटण शिवलेला दोराही बोलतो. त्याचं एखादं सुटं टोक मिळालं तर कुंचीपासून लांब, ताटलीत जाळून बघा. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, म्हणजे बटण तुमच्या लहानपणीचं. कागदासारखा वास आणि मऊ राख आली तर सुती. खण गुळेदगुड्डचा असावा असं बुट्टीवरून वाटतं. काही झालं तरी बटण काढून पुन्हा नाडी लावू नका. त्या बटणानेही एखादं बाळ सांभाळलेलं आहे.

प्रश्न: आजोबांच्या पेटीत एक कोरा धोतरजोडा निघाला. गिरणीच्या छापावर लांबी 'वार' मध्ये आहे. आत दुकानाची पावती आहे, तिच्यावर किंमत ९-१२-० अशी लिहिलेली आहे. हा जोडा कधीचा असावा? (वाचक, डोंबिवली)

उत्तर: नऊ रुपये बारा आणे शून्य पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला सुरू झाली, आणि मीटरचा कायदा १९५६ चा. वार हळूहळू मागे पडले. आणे त्यानंतरही काही वर्षं लोकांच्या तोंडी राहिले, म्हणून १९६० च्या मागचा म्हणा आणि थांबा. पावती मात्र जोड्यापासून वेगळी करू नका. वर्षाचा धागा तिच्यातच आहे.

प्रश्न: जुन्या जरीच्या साड्या वजनावर घेणारा माणूस आमच्या सोसायटीत येतो. आजीचा शालू फाटला आहे. देऊन टाकू, की ड्रायक्लीन करून ठेवू? (वाचक, पुणे)

उत्तर: दोन्ही नको. कळकळीने सांगते. वजनावर घेतलेला शालू जाळतात आणि राखेतून चांदी काढतात. आमच्या घरी १९७४ मध्ये आजीचा बनारसी शालू असाच गेला. मावशी म्हणाली, फाटलाय, ठेवून काय करायचं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि त्या शालूवर लहान लहान कुयऱ्या होत्या, एवढंच मला आठवतं. बदल्यात आलेल्या पैशांतून काय घेतलं ते घरात कुणालाच आठवत नाही.

ड्रायक्लीन केल्याने विरलेलं रेशीम आणखी फाटण्याची भीती असते. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती धोतरात शालू गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नका, हँगरला टांगू नका. जरीच्या ओझ्याने रेशीम तुटतं. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून नव्या जागी घाला, नाहीतर घडीवरच चिरा पडतात. पुण्यातच आहात, तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एकदा जाऊन जुनी वस्त्रं बघून या. आणि शालूबरोबर एक चिठ्ठी ठेवा, पेन्सिलीने लिहिलेली: आजीचं नाव, तिचं माहेर, लग्नाचं साल. शाई ओलाव्याने पसरते.