अक्कांना विचारा : किराण्याचं बिल अन् घरचं बजेट

या वेळेस आलेले बरेचसे प्रश्न किराण्याबद्दलच होते, म्हणून बाकीचे पुढच्या अंकासाठी ठेवलेत आणि हे पाच घेतलेत.

प्रश्न : अक्का नमस्कार. घरात आम्ही चौघं. महिन्यातून एकदा मॉलला जाऊन सगळं एकदम आणते, ऑफर बघूनच घेते, एकावर एक फ्री असेल तर आधी तेच उचलते, तरी बिल दर महिन्याला वाढतच चाललंय. मिस्टर म्हणतात कोपऱ्यावरच्या दुकानातून आण. नेमकं कुठं स्वस्त पडतं? – एक गृहिणी, जुळे सोलापूर

ताई, दुकान कुठलं ते नंतर बघू, आधी पाकीट हातात घ्या आणि मागं फिरवून बघा. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात अजून एक आकडा असतो, ग्रॅमला किंवा किलोला किती पडलं तो. पॅकबंद मालावर हा दर छापायलाच लागतो, किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा, वरचं असेल तर किलोचा, तेला-शाम्पूला तसंच मिली आणि लिटरचं. इतकी कामाची गोष्ट आणि बहुतेक जणी ती बघतच नाहीत, मला याची खरंच हळहळ वाटते, कारण सगळी ऑफर तिथंच उघडी पडते.

समजा चहाचं २५० ग्रॅमचं पाकीट १३० रुपयांना आहे आणि शेजारी ४०० ग्रॅमचं २२० ला, वर लाल पट्टीत लिहिलंय "२० रुपये वाचवा". पहिलं पडलं ग्रॅमला ५२ पैसे, दुसरं ५५ पैसे. म्हणजे मोठं पाकीट, ऑफरचं पाकीट, आणि तेच महाग! मोठं म्हणजे स्वस्त हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय ना, त्याचाच फायदा घेतात. एवढंच लक्षात ठेवा की छापलेला दर एमआरपीवरचा असतो, दुकानात त्याच्यावर डिस्काउंट असेल तर मोबाईलवर कॅल्क्युलेटर काढून किंमत भागिले वजन करायचं, तिथंच उभं राहून करायचं, लाजायचं काही कारण नाही. बिस्किटांचं पण तसंच, पुडा दहालाच राहतो, आतले ग्रॅम कमी होत जातात, म्हणून वजन वाचल्याशिवाय "भाव वाढला नाही" असं कधी म्हणू नका.

आता मॉल का दुकान. माझं मत विचाराल तर साबण, टूथपेस्ट, भांड्याचा साबण, कपड्याची पावडर हे मॉलला किंवा होलसेलवाल्याकडं घ्या, तिथं एमआरपीवर खरंच सूट मिळते. डाळी, पोहे, साखर, गूळ मात्र ओळखीच्या दुकानातून सुट्टं घ्या, हातात घेऊन बघता येतं आणि पाव किलो पाहिजे तर पावच मिळतं. शिवाय पॅक करून लेबल लावलेल्या डाळ-तांदूळ-पिठावर २५ किलोपर्यंत ५ टक्के जीएसटी असतो, जुलै २०२२ पासून, सुट्ट्यावर तो नाही. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, केसाचं तेल यांच्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झालाय, तर जुना साठा म्हणून कोणी जुन्याच भावाला लावत असेल तर विचारा.

आणि एकावर एक फ्री घेताना तारीख बघा. शेवया, सॉस, नूडल्स यांची ऑफर बऱ्याचदा तारीख जवळ आली की येते. घरात तो जिन्नस लागतच नसेल तर अर्ध्या किमतीत आणला तरी ते पैसे गेलेच की ओ.

प्रश्न : दिवाळीला मी सूर्यफूल तेलाचा १५ चा डबा घेतला. भावानं दुसऱ्या दुकानातून घेतला तो दीडशे रुपयांनी महाग होता, म्हणून मी खूश होतो. पण खाणारी माणसं सारखीच असून आमचा डबा आधी संपला. दुकानदारानं तेल कमी दिलं का? – एक सेवानिवृत्त वाचक, होटगी रोड

काका, दुकानदारावर संशय घ्यायच्या आधी दोन्ही डब्यांवरचं लेबल वाचा. मला जवळपास खात्री आहे की तुमचा १५ लिटरचा आणि भावाचा १५ किलोचा असणार. डबा दिसायला तोच, आकडा तोच, आणि आपण दुकानात गेल्यावर म्हणतो काय तर "पंधराचा डबा द्या", मग देणारा कुठलाही देतो.

तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे १५ लिटर म्हणजे झालं १३ किलो ६५० ग्रॅम. भावाच्या डब्यापेक्षा तुमच्याकडं १ किलो ३५० ग्रॅम तेल कमीच आलं, आणि त्यात फसवणूक कुणीच केली नाही. आता भाव लावून बघू. समजा तुमचा डबा २१०० चा, त्यांचा २२५० चा. तुम्हाला किलोला जवळपास १५४ रुपये पडले, त्यांना बरोब्बर १५०. महाग डबा स्वस्त पडला.

पिशव्यांमध्ये तर याहून घोळ आहे. एक लिटर, ९०० मिली, ८५० ग्रॅम, ७५० ग्रॅम, सगळ्या पिशव्या एका रांगेत लावलेल्या आणि लांबून सारख्याच दिसतात. मिली लिहिलं असेल तर त्याला ०.९१ नं गुणा, ग्रॅम निघतात, मग तुलना करा. ९०० मिली म्हणजे ८१९ ग्रॅम, म्हणजे ८५० ग्रॅमवाल्या पिशवीत त्याच्यापेक्षा जास्त तेल आहे, आकडा बघून उलटं वाटतं.

अजून एक सांगू का, रागावू नका. घरात तुम्ही दोघंच असाल तर १५ चा डबा घेऊच नका. एकदा फोडला की हवा लागून तेल हळूहळू खवट होतं, आणि डबा भरलेला दिसला की तळणाचा हात पण सैल सुटतो. ५ लिटरचा कॅन घ्या, दोन-अडीच महिन्यात संपेल एवढंच. लेबलवर "ब्लेंडेड" शब्द आहे का ते पण बघा, शेंगतेलाच्या भावात मिश्र तेल घरी यायला नको.

प्रश्न : अक्का, माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं. सासूबाई वर्षाचं धान्य एकदम भरतात, ज्वारी, गहू, तूर, कांद्याचं पोतं पण. घर दोन खोल्यांचं. दर वर्षी थोडी ज्वारी किडते, कांदा तर निम्मा सडतो. यात खरंच पैसे वाचतात का? एक दुकानदार किडीसाठी गोळी देतो म्हणतोय, ती टाकू का? – अक्कलकोट रोडवरून

आधी गोळीचं. नको, अजिबात नको. धान्यात टाकायला म्हणून जी गोळी हळूच देतात ती बऱ्याचदा ॲल्युमिनियम फॉस्फाईडची असते, हवेतला ओलावा लागला की त्यातून विषारी गॅस निघतो, बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. ती गोदामांसाठी आहे, शिकलेल्या माणसानं वापरायची. दोन खोल्यांच्या घरात, जिथं कोठीशेजारीच अंथरूण पडतं, तिथं ती गोळी येताच कामा नये. सासूबाईंना पण सांगा, शेजारणीला पण सांगा.

आता वाचतात का. ज्वारीत वाचतात, तिथं सासूबाई बरोबर आहेत. आपल्या सोलापूर जिल्ह्याची ज्वारी म्हणजे रब्बीची, मालदांडी, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय. फेब्रुवारी-मार्चला सुगी झाली की माल बाजारात येतो, तेव्हा निवडून, हातात घेऊन, पाहिजे तसली टपोरी मिळते, आणि पावसाळ्यानंतर तोच माल किरकोळीत घ्यायचा म्हटलं की भाव चढलेला असतो. गव्हाचं मार्च-एप्रिलला, तुरीचं डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. पण किती भरायचं हे अंदाजपंचे ठरवू नका. एक महिना दळणाला टाकताना वजन लिहून ठेवा, भाकरीचं वेगळं, चपातीचं वेगळं, त्याला दहानं गुणा. बारानं नको, कारण सणाला, गावाला, लग्नाला जाता तेवढं दळण वाचतं, आणि शेवटी उरलेल्यातच कीड धरते.

किडायचं कारण बहुतेक वेळा ओल असते. आणलेली ज्वारी एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवस चांगली वाळवा, आपल्याकडच्या उन्हाला काय कमी आहे! दाणा दातानं फोडला की कट्ट असा आवाज आला पाहिजे, नुसता दबला तर अजून ऊन द्या. ऊन दिल्यावर गार होऊ द्या, गरम गरम कोठीत भरलं की आत वाफ धरते. कोठी पुसून कोरडी, तळाला वाळलेला कडुनिंबाचा पाला, झाकण घट्ट. मागच्या वर्षीचं उरलेलं किलोभर नव्यात कधीही ओतायचं नाही, सगळा पसारा तिथूनच सुरू होतो. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात चोळून ठेवतात ते करा, चांगलं टिकतं.

कांद्यात मात्र चूक कुठं होते ते सांगते. आपल्या बाजार समितीत डिसेंबर-जानेवारीला कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, भाव पडतो, आणि लोक पोतंच्या पोतं घरी आणतात. तो लाल कांदा असतो, त्याच्यात पाणी जास्त, तो टिकतच नाही, कितीही जपा. साठवायचा कांदा म्हणजे उन्हाळी, मार्चच्या पुढं येतो तो, साल घट्ट आणि मान सुकलेली. तेव्हा जानेवारीत आठवड्यापुरताच घ्या आणि पोतं एप्रिल-मेमध्ये. ते पण पोत्यात न ठेवता जाळीवर किंवा बांबूच्या टोपलीत पसरून, वारा लागेल असं, बटाट्यापासून लांब.

रवा, बेसन, मैदा, पोहे याचा साठा नको. शेंगदाण्याचा पण नको, आपल्या घरात शेंगाचटणी रोज लागते हे मला माहिती आहे, तरी दाणे खवट झाले की अख्खी चटणी वाया जाते.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र रूमवर राहतोय, एमआयडीसीत कामाला. सगळं ॲपवरून मागवतोय, पगार कुठं जायलाय कळंना झालंय. – एक वाचक

बाळांनो, ॲपमधली मागची सगळी बिलं उघडा आणि फक्त डिलिव्हरी, हँडलिंग आणि छोट्या ऑर्डरचा चार्ज एवढंच बेरजेला घ्या, बाकी सोडून द्या. ती बेरीज बघूनच तुम्ही उठून बाहेर जाल. फ्री डिलिव्हरीसाठी म्हणून कार्टमध्ये टाकलेली चिप्स अन् कोल्डड्रिंक वेगळीच. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी लक्ष्मी मंडईत एक चक्कर मारा, उठायच्या वेळेला पालेभाजीवाल्या मावश्या भाव उतरवतात. अंडी ट्रेनं घ्या, तिघं खाणारे आहात. आणि पैसे एका डब्यात आधी काढून ठेवा, ज्याच्या फोनवरून ऑर्डर जाते त्याच्याच खिशाला दर वेळी कात्री नको.

प्रश्न : अक्का, मी विड्या वळते, मालक यंत्रमागावर आहेत. पैसे आठवड्याला येतात, त्यामुळं रोजचं रोज आणते, दहाचं तेल, पाचचा चहा, शाम्पूची पुडी. दुकानात वही पण आहे. मोठं पाकीट घ्यायला एकदम पैसे नसतात. आमच्यासारख्यांनी काय करावं? – कुंभारीहून एक ताई

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. बचतीचे सल्ले बहुतेक ज्यांच्याकडं महिन्याचा पगार एकदम येतो त्यांच्यासाठीच असतात, आणि सगळ्यात महाग माल तुम्हीच विकत घेता, हे मला फार लागतं.

शाम्पूची पुडी चालू ठेवा, ती बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्तच पडते, मिलीचा हिशोब करून बघा. चहा आणि तेलाच्या छोट्या पुड्या मात्र महाग पडतात. सगळं एकदम बदलायचं नाही. या आठवड्यात फक्त चहा, पाव किलोचं पाकीट. रोजचे पाच रुपये त्या आठवड्यापासून वाचले की ते बाजूला, पुढं त्यातून तेलाची पिशवी, मग साखर. एका वेळी एकच जिन्नस, दोन-तीन महिन्यात रोजची पुडी सुटते.

वहीचं म्हणाल तर दुकानदाराच्या वहीसारखी एक वही आपल्या घरात पण ठेवा, पोरगी शाळेत जात असेल तर तिला लिहायला सांगा, आणि रोख दिले तर हाच जिन्नस कितीला हे एकदा विचारून घ्या. उधारीचा भाव वेगळा असेल तर आधी ज्या मालाचा फरक जास्त तो रोखीवर आणा.

रेशन पूर्ण उचलता ना? प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदयला कार्डामागं ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, एक रुपया द्यायचा नाही. अंगठा लावला की मशीनमधून पावती निघते ती मागून घ्या आणि त्यावरचे किलो वाचा. नव्या वसाहतीत राहायला आला असाल आणि जुनं दुकान लांब पडत असेल तर जवळच्या कुठल्याही रेशन दुकानातून घेता येतं. दिलं नाही तर १९६७ ला फोन. बाकी दुकानात वजनात गडबड वाटली तर १९१५, आणि तोलायच्या आधी काट्यावर शून्य आहे का ते बघत जा.

शेवटचं, गल्लीत विड्या वळणाऱ्या चार-पाच जणी असालच. पगाराच्या दिवशी प्रत्येकीनं थोडे थोडे काढून तांदळाचं कट्टं किंवा साखरेची गोण होलसेलला घ्या आणि घरीच वाटून घ्या. काटा कुणाकडं नसेल तर ज्या दुकानातून घेता तिथंच पाच पिशव्यात तोलून द्यायला सांगा, देतात, फक्त पिशव्या आपल्या घेऊन जा आणि गाडीभाडं कोण देणार ते निघायच्या आधीच ठरवा.