नवऱ्याला नामिबियात शिकारीला जायचंय, मी शिकार करत नाही. सोबत जावं का, आणि तिथे नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघं जर्मनीत राहता, नवऱ्याने तिथला शिकारीचा परवाना काढलाय आणि आता त्याला नामिबियात ‘प्लेन्स गेम’साठी जायचंय. तुम्ही मांसाहारी आहात, पण बंदूक हातात धरायची इच्छा नाही. सोबत गेलात तर दिवसभर लॉजवर बसून राहावं लागेल का, आणि समोर जनावर मरताना बघवेल का, हे तुमचे दोन प्रश्न. आमच्या घरीही हेच आहे. आम्ही जर्मनीतच असतो, नवऱ्याकडे तोच परवाना आहे, आणि मी त्याच्यासोबत नामिबियाला गेले आहे. शिकार मी तेव्हाही केली नाही, आजही करत नाही.

माझं उत्तर: जा, पण लॉजवर बसायला जाऊ नका. संध्याकाळी आयतं ताटातलं मांस आणि साफसूफ करून काढलेला फोटो एवढंच जिच्या वाट्याला येतं, तिला या प्रकाराबद्दल काहीच कळत नाही. धड विरोध करता येत नाही, धड बाजू घेता येत नाही. पायी त्यांच्यामागून चालत गेलात तरच तुमचं स्वतःचं मत होईल. नॉन-हंटर म्हणजे ‘ऑब्झर्व्हर’ म्हणून जाणाऱ्याचा रोजचा दर शिकाऱ्यापेक्षा बराच कमी असतो आणि मागून चालायला कोणी ना म्हणत नाही. फक्त पांढरे, भडक कपडे नकोत आणि करकरणारं जॅकेट नको.

प्लेन्स गेम म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानम्हैस सोडून बाकीची मोकळ्या माळावरची आणि झुडपांतली जनावरं. नामिबियात मुख्यतः गेम्सबॉक म्हणजे ओरिक्स, कुडू, स्प्रिंगबॉक, हार्टेबीस्ट, विल्डबीस्ट ही हरणासारखी शिंगवाली जनावरं, शिवाय झेब्रा आणि वॉर्टहॉग म्हणजे तिथलं सुळेवालं रानडुक्कर. ओरिक्स हा त्यांचा राष्ट्रीय प्राणी आहे, राजचिन्हावर दोन्ही बाजूंना तोच उभा आहे, आणि शिकारही त्याचीच भरपूर होते. आपल्याला हे विचित्र वाटतं. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा हेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. तिथे गणित वेगळं आहे. 1960च्या दशकाच्या शेवटी, आणि मग 1975च्या निसर्गसंरक्षण अध्यादेशाने, शेताच्या मालकाला कुडू, ओरिक्स, स्प्रिंगबॉक, वॉर्टहॉग अशा जनावरांवर हक्क मिळाला. त्याआधी हीच जनावरं म्हणजे गुरांच्या चाऱ्यात वाटेकरी होती. हक्क मिळाल्यावर शेतकऱ्याने ती राखायला सुरुवात केली, कारण आता दुष्काळात गाय मेली तरी ओरिक्स जगतो आणि त्याचे पैसे येतात. 1996 साली कायदा बदलून असाच हक्क सामुदायिक जमिनीवरच्या गावांनाही दिला गेला. त्यातून ज्या ‘कॉन्झर्व्हन्सी’, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून वन्यजीव सांभाळायच्या संस्था, उभ्या राहिल्या त्यांतल्या पहिल्या 1998च्या आहेत. या हक्काशिवाय ही सगळी शिकार मला पटली नसती, म्हणून सविस्तर सांगितलं.

पण ‘आफ्रिकेतली शिकार’ म्हणून सगळं एका मापाने मोजू नका. केनियाने 1977 साली शिकारच बंद केली. बोट्सवानाने 2014 साली बंदी घातली आणि 2019 साली उठवली. दक्षिण आफ्रिकेत उत्तम जागा आहेत, तशा छोट्या कुंपणात सोडलेलं जनावर मारायला देणाऱ्याही आहेत. पिंजऱ्यात वाढवलेल्या सिंहांच्या शिकारीवरून तिथे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. म्हणून बुकिंगआधी, ज्याच्या शेतावर शिकार होणार त्या मालकाला एक प्रश्न नक्की विचारा: कुंपण कसलं आहे? गुरांसाठीचं साधं तारेचं कुंपण असेल तर कुडू त्यावरून सहज उडी मारतो, ओरिक्स खालून सरपटत जातो आणि वॉर्टहॉग खणून जातो, म्हणजे जनावर आपल्या मर्जीने तिथे आहे. जनावरं आत अडवणारं उंच गेम-कुंपण असेल तर आत किती हेक्टर, जनावरं तिथलीच की लिलावातून विकत आणून सोडलेली, हे विचारा. नामिबियात पाच-दहा हजार हेक्टरचं शेत ही नवलाची गोष्ट नाही. उत्तर देताना मालक घुटमळला तर दुसरीकडे बघा.

आता दिवस कसा जातो ते. जून-जुलैत मध्य पठारावर रात्री पाणी गोठेल इतकी थंडी पडते. विंडहूकच साधारण 1,650 मीटरवर आहे. आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे नेऊ नका. उघड्या गाडीच्या मागे पहाटे बसल्यावर कानटोपी आणि हातमोजे दोन्ही लागतात. उजाडायच्या आत कॉफी आणि टणक रस्क, मग बकीतून, म्हणजे त्यांच्या पिकअपमधून, एखाद्या खडकाळ टेकडीच्या पायथ्याशी. वर चढून दुर्बिणीने तासभर नुसतं बघायचं. तुम्हीही चांगली दुर्बीण न्या, नाहीतर हा तास कंटाळवाणा होतो. दुर्बीण असली की हाच सगळ्यात सुंदर तास आहे. मला राखाडी झुडपात काहीच दिसायचं नाही आणि माग काढणारे काका शांतपणे म्हणायचे, कान बघ, कान हलतोय. मग त्या कानाभोवती हळूहळू अख्खा कुडू उमटायचा.

परदेशी माणसाला परवानाधारक हंटिंग गाइड किंवा प्रोफेशनल हंटर सोबत असल्याशिवाय ट्रॉफी शिकार, म्हणजे शिंगं-कातडी आठवण म्हणून ठेवायची शिकार, करता येत नाही, आणि सरकारी परमिट आधी काढावं लागतं. ते शेतमालकच बघतो. रायफलीलाही नियम आहे: स्प्रिंगबॉकसाठी गोळीची ऊर्जा किमान 1,350 जूल, कुडू-ओरिक्ससाठी 2,700. अर्धस्वयंचलित बंदूक चालत नाही. तुमच्या नवऱ्याची साधी थ्री-नॉट-एट (.308) रायफल असेल तर अंतर नीट ठेवून भागतं. स्वतःची नेण्याची कटकट नको असेल तर तिथे भाड्याने मिळते. पहिल्याच दिवशी फळीवर गोळ्या मारून नेम तपासायला लावतात. तो नुसता उपचार नसतो. गाइड त्या वेळी तुमच्या नवऱ्याला जोखत असतो.

इथे त्याला माझा एक निरोप द्या. जर्मनीत आपली माणसं मचाणावर बसून, हात टेकवून, रानडुकराची वाट बघत शिकतात. नामिबियात उभ्याने, तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर रायफल टेकवून, धाप लागलेली असताना, शंभर-दीडशे मीटरवर गोळी मारायची असते. हे कौशल्य वेगळं आहे. निघायच्या दोन-तीन महिने आधीपासून शूटिंग रेंजवर तिकाटण्यावरून सराव केलाच पाहिजे. आणि आफ्रिकन जनावराचं हृदय आपण समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं: पुढच्या पायाच्या रेषेत वर, छातीचा खालचा तिसरा हिस्सा.

हे मी इतकं जोर देऊन सांगतेय, कारण चुकलेल्या गोळीचं काय होतं ते मी पाहिलंय. ओरिक्सची म्हातारी मादी होती. ओरिक्समध्ये मादीलाही शिंगं असतात, नरापेक्षा लांब आणि बारीक. वारा बरोबर होता, अंतर बरोबर होतं, पण गोळी सुटताना तिने पाऊल टाकलं आणि गोळी मागे लागली. कळप धुरळ्यात गेला. जागेवर सापडलं ते गडद, जवळजवळ काळपट रक्त. फेसाळ गुलाबी असतं तर फुप्फुस, हिरवट काही असतं तर पोट. हे काळपट म्हणजे यकृत. गाइडने आम्हाला झाडाखाली अर्धा तास बसवलं, कारण लगेच पाठलाग केला तर जनावर घाबरून मैलोन् मैल जातं. मग काका पुढे झाले. हातात गवताची एक काडी, आणि तिच्या टोकाने एकेक थेंब दाखवत चालले. दगडावर वाळलेला थेंब मोहरीएवढा. कळपाचे शेकडो खूर एकात एक मिसळलेले, त्यातून त्यांनी डाव्या मागच्या पायाची किंचित ओढलेली खूण धरली आणि दुपारपर्यंत सोडली नाही. ती एका काटेरी झुडपाआड बसली होती, तोंड आमच्या दिशेने, म्हणजे स्वतःच्या मागावर नजर ठेवून. ती उठायच्या आत दुसरी गोळी लागली.

मी तेव्हा रडले, आणि त्याबद्दल मला कोणी काही बोललं नाही. गाइडने झाडाची एक डहाळी तोडून तिच्या तोंडात ठेवली. ही ‘शेवटचा घास’ देण्याची जर्मन रीत, 1915पर्यंत तिथे असलेल्या जर्मन वसाहतीच्या घरांतून अजून टिकून आहे. नवऱ्याने त्या संध्याकाळी रायफल हातात घेतली नाही आणि दुसऱ्या सकाळी स्वतःहून पुन्हा फळीवर सरावाला गेला. तुमचा नवरा असाच आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी तर म्हणेन की निघायच्या आधीच दोघांनी ठरवून घ्या: तिरपं उभं जनावर, पळतं जनावर, मावळतीचा घाईचा प्रकाश, यांत गोळी मारायची नाही. तुम्ही मागे उभ्या आहात म्हणून त्याला काही करून दाखवायची गरज नाही, हेही त्याला स्पष्ट सांगा. रक्ताचा एक थेंब पडला तरी, जनावर सापडो न सापडो, त्याचे पूर्ण पैसे द्यावे लागतात. हा नियम मला अगदी योग्य वाटतो.

स्प्रिंगबॉकचंही सांगते. मेल्यावर त्याच्या पाठीवरची कातडीची घडी उघडते आणि आतले लांब पांढरे केस पंख्यासारखे उभे राहतात. त्याला मधासारखा गोड वास येतो. गाइडने मला वाकून वास घ्यायला सांगितला. थोड्या वेळाने पंखा मिटतो आणि वासही जातो.

मांसाचं काय होतं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तोच खरा प्रश्न वाटतो. सोलायच्या शेडमध्ये जरूर जा. वजडी, काळीज, मुंडी, पाय, काही वाया जात नाही; शेतावरच्या कामगारांच्या घरी वाटणी होते, बाकीचं स्वयंपाकघरात, बिल्टाँगला (मसाला लावून वाळवलेलं मांस) किंवा खाटकाकडे विकायला. या मांसात चरबी जवळजवळ नसते, जास्त शिजवलं की वातड होतं, म्हणून ते निखाऱ्यावर पटकन भाजतात. सरपण बहुतेक वेळा गवताळ माळावर माजलेल्या काटेरी झुडपांचं असतं. त्यांतलं एक तर आपल्या माळरानावरची दुरंगी बाभूळच आहे. बिल्टाँग मात्र तिथेच खाऊन या. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

2024च्या दुष्काळात नामिबिया सरकारने 723 जनावरं मारून त्यांचं मांस लोकांना वाटायचं ठरवलं. त्यात 300 झेब्रे, 100 विल्डबीस्ट, 100 इलँड होते, आणि 83 हत्तीही. जगभरातून टीका झाली. मला त्या बातमीने अस्वस्थ केलं, पण तिथली पिवळी पडलेली जमीन पाहिल्यावर दूरवरून नाक मुरडणं मला जमत नाही. शिकारीचा पैसा आणि मांस खरंच तिथल्या माणसापर्यंत पोचत असेल तर मी तिच्या बाजूने आहे. पोचत नसेल, मालक परदेशात आणि कामगार उपाशी असं असेल, तर नाही. म्हणून कामगारांच्या वस्तीवर एक चक्कर मारा, मुलं शाळेत जातात का विचारा.

एक सावधगिरी, जी कुठल्या माहितीपत्रकात नसते. नामिबियात 1977पासून कुडूंमध्ये रेबीजची साथ वरचेवर येते. लाळ गळणारा, माणसाला न घाबरणारा, अंगणापर्यंत आलेला कुडू दिसला तर ‘किती माणसाळलाय’ म्हणून जवळ जाऊ नका, हात लावू नका, लगेच गाइडला सांगा.

शिंगं-कातडी घरी न्यायची तर साफ करून, कागदपत्रांसह पोचायला कित्येक महिने जातात आणि खर्च शिकारीच्या खर्चाशी स्पर्धा करतो. हार्टमन झेब्र्यासाठी, म्हणजे तिथल्या डोंगरी झेब्र्यासाठी, सायटिसची (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराची) कागदपत्रं लागतात. कुडू, ओरिक्सला ती भानगड नाही. भारतातल्या घरी यातलं काही न्यायचा विचार असेल तर तो सोडा, कस्टममध्ये अडकाल. आम्ही ओरिक्सची शिंगं शेतावरच ठेवली. तुम्ही जाणार असाल तर मे ते सप्टेंबरमधलं बघा: गवत खाली बसलेलं असतं, जनावरं पाणवठ्याजवळ येतात. आणि नवऱ्याच्या रायफलीच्या बुकिंगआधी तुमच्या बुटांची खरेदी करा, जाड तळाचे, घोट्याच्या वर येणारे. तिथले काटे साध्या बुटाच्या तळातून आरपार येतात.