‘आम्ही 11 गोल घातले’

प्रश्न : मुलगा नववीत आहे, वय 15. शाळेकडून आणि तालमीच्या फुटबॉल संघाकडून मिडफिल्डला खेळतो. या हंगामात आम्ही 11 गोल घातले. त्याचा उजवा गुडघा अधूनमधून सुजतो, पण मनावर घेतलं की खेळतो. हल्ली मॅचच्या सकाळी न्हाणीत नळ सोडून बसतो, मला दारावर थाप मारून ‘आवर’ म्हणावं लागतं. एक एजंट नऊ लाखांत जर्मनीतल्या क्लबच्या अकादमीत घालतो म्हणतोय. जर्मनीचा विश्वविजेता मिडफिल्डर टोनी क्रूस, त्यालाही वडिलांनीच घडवलं. शाळा सोडवून पाठवू का?
– एक पालक, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार.

नऊ लाख कुठून उभे करणार, याचा हिशेब तुमच्या मूळ पत्रात पाऊण पानभर आहे. नळ मात्र एका ओळीत उरकलात. मी त्या ओळीपाशीच अडकलो. पंधरा वर्षांचा मुलगा कडी लावून नळ सोडतो तेव्हा आतला आवाज बाहेर जाऊ नये, एवढीच त्याची धडपड असू शकते. तो रडतो की त्याला उलटी होते, हे मला इथून कळणार नाही. तुम्ही दाराशीच असता, तुम्हीही विचारलेलं नाही.

आणि गोल ‘आम्ही’ घातले, गुडघा मात्र ‘त्याचा’ सुजतो. ही वाटणी कुणी केली, साहेब?

क्रूसचे वडील त्याचे प्रशिक्षक होते, हे खरं. पण तो त्यांचा पेशा होता. त्याच घरात त्याचा धाकटा भाऊ फेलिक्स वाढला. तोही मिडफिल्डर. तो व्यावसायिक फुटबॉल खेळला, 2021मध्ये निवृत्त झाला, पण जर्मनीच्या मुख्य संघात कधी आला नाही. वडील तेच, घर तेच. घडवण्याचं गणित इतकं सोपं असतं, तर दोघांच्याही कपाटात विश्वचषकाचं पदक असतं.

जर्मन मिडफिल्डरच हवा असेल, तर मी तुम्हाला सेबास्टियन डाइसलर सांगतो. जन्म 1980चा, गाव स्वित्झर्लंडच्या सीमेलगतचं लोराख. पंधराव्या वर्षी, म्हणजे तुमच्या मुलाच्याच वयात, तो घर सोडून मोन्शनग्लाडबाखच्या युवा संघात गेला. विसाव्या वर्षी देशाकडून खेळला. 2000च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटात तळाला गेली आणि या पोरानं आता देशाचं फुटबॉल वाचवावं, अशी सगळ्यांची अपेक्षा झाली. पुढच्या वर्षी बायर्न म्युनिक या प्रतिस्पर्धी क्लबनं त्याला आगाऊ दिलेल्या 2 कोटी मार्कांची बातमी फुटली आणि हेर्था बर्लिन या त्याच्या तेव्हाच्या क्लबचे चाहतेच त्याच्यावर उलटले. मे 2002मध्ये उजवा गुडघा गेला, विश्वचषक हुकला. नोव्हेंबर 2003मध्ये नैराश्यासाठी त्याला रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. तो परतला, पण मार्च 2006मध्ये पुन्हा गुडघा गेला आणि घरच्या मैदानांवरचा विश्वचषकही गेला. 16 जानेवारी 2007ला, 27व्या वर्षी, आपला या गुडघ्यावर विश्वास उरला नाही असं सांगून तो थांबला. देशाकडून सामने 36. त्याच्यात गुणवत्ता कमी होती असं म्हणणारा जर्मनीत शोधून सापडणार नाही. ‘मनावर घेतलं की खेळतो’ हे वाक्य पुन्हा लिहिण्याआधी हा माणूस आठवा.

आता त्या एजंटाबद्दल. परदेशी अकादमी पैसे भरले की घेते, हा समज मी दर उन्हाळ्यात ऐकतो. फिफाच्या नियमानुसार 18 वर्षांखालच्या खेळाडूची दुसऱ्या देशातल्या क्लबकडे नोंदणी होत नाही. अपवाद आहेत, पण मोजके. उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला गेले तर. युरोपीय संघातल्या देशांमध्ये आपसात सोळाव्या वर्षी जाता येतं, तेही अटींवर. तुमचा मुलगा कोल्हापूरचा आहे. फी भरून सराव शिबिराला कुणीही जाऊ शकतं. तिथे जर्सी मिळते, फोटो मिळतो, करार मिळत नाही. शिवाय युरोपातले क्लब गुणी मुलांकडून लाखो रुपये घेत नाहीत, उलट त्यांच्यावर खर्च करतात. नऊ लाख मागितले, तिथेच तुम्हाला शंका यायला हवी होती. इसार दिला नसेल तर देऊ नका. दिला असेल तर पावती सांभाळा आणि लेखी परत मागा.

शाळा सोडवू नका. दहावी होऊ दे. पुढे क्रीडा प्रबोधिनी, प्रशिक्षकाचे परवाने, फिजिओथेरपी, शासकीय नोकरीतला खेळाडूंचा 5 टक्के कोटा, सगळं जागच्या जागी आहे. त्यासाठी पत्राची गरज नाही.

गरज आहे ती दोन महिने तुम्ही शाहू स्टेडियमवर न जाण्याची. मॅचनंतर घरी ‘कसं झालं?’ हा प्रश्नही नको. जेवायला वाढा. न्हाणीतलं प्रकरण आठवड्याभरात थांबलं नाही तर समुपदेशकाकडे न्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आधी तुम्हीच बोलून बघा. त्याला फुटबॉल हवाय की नकोय, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. कदाचित हवंही असेल, खूप हवं असेल. ते त्याच्याकडून कळू दे.

गुडघा मात्र याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सोबत त्याची आई जाऊ दे. डॉक्टर ‘किती दुखतं?’ विचारतील, तेव्हा तुम्ही बाहेर बाकड्यावर असा.