वाचकांचे प्रश्न : मोठ्या एरोबॅटिक मॉडेलला इंजिन कोणतं?

या वेळी बहुतेक पत्रं रेडिओने उडवायच्या मॉडेल विमानांच्या पेट्रोल इंजिनांबद्दलच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. इथले आकडे नेहमीच्या दोन-स्ट्रोक इंजिनांना लागू पडतात. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत काही वेगळं दिलं असेल, तर पुस्तिकेचं ऐका.

प्रश्न : एक्स्ट्रा ३०० या कसरतीच्या विमानाचं ९२ इंच पंखविस्ताराचं मॉडेल बांधतोय. किटवर '५० ते ६० सीसी' असं लिहिलंय. तयार वजन ७.७ किलोपर्यंत जाईल. पुढे ताकद कमी पडायला नको, म्हणून ७० सीसीचं दोन सिलिंडरांचं इंजिन घेऊ का?

नको. आधी वजन, मग सीसी. थ्रीडी उडवायचं असेल, म्हणजे हॉवर (नाक वर करून हवेत जागेवर लटकणं), टॉर्क रोल (तसंच लटकत स्वतःभोवती फिरणं) आणि हॉवरमधून सरळ वर निघणं, तर जागेवरची ओढ वजनाच्या साधारण दीडपट हवी. ७.७ किलोला ती साडेअकरा किलो होते. ५५ ते ६० सीसीच्या चांगल्या सिंगलला (एका सिलिंडरच्या इंजिनाला) २३×८ चा प्रॉप (प्रोपेलर) लावला की बारा किलोच्या आसपास ओढ मिळते. हिशेब जमतो. ठरलेल्या क्रमाने अचूक आकृत्या काढणाऱ्याला तर १.३ पट ओढही पुरते.

आता ७० सीसी घेतलं तर काय होईल ते पाहा. दोन सिलिंडर, दोन मफलर, दोन प्लगांचं इग्निशन धरून ते सिंगलपेक्षा ३०० ते ४०० ग्रॅम जड भरतं. ३५० ग्रॅम धरू. हे वजन गुरुत्वमध्याच्या ३८ सेंमी पुढे बसलं, तर ३५० गुणिले ३८ म्हणजे १३,३०० ग्रॅम-सेंमीचा भार नाकाकडे वाढला. तो फेडायला ४०० ग्रॅमच्या बॅटऱ्या ३३ सेंमी मागे न्याव्या लागतील. तेवढी जागा नसेल तर ४० सेंमी मागे ३३० ग्रॅम शिसं. म्हणजे इंजिन ३५० ग्रॅमने जड आणि विमान ६८० ग्रॅमने! वाढलेल्या ताकदीतला बराच भाग हे वजन उचलण्यातच जातो, आणि लँडिंगचा वेग वाढतो तो वेगळाच.

७० सीसीच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरी आहे. समोरासमोर सिलिंडर असलेलं इंजिन कमी थरथरतं, त्यामुळे सर्व्हो आणि बिजागऱ्या जास्त टिकतात. पण त्यासाठी नाकात आधीच सैल जागा असलेलं, मुळात त्याच इंजिनासाठी बेतलेलं मॉडेल निवडावं. ढोबळ मानाने ७३ ते ७८ इंचांना ३० ते ३५ सीसी, ८८ ते ९२ ला ५० ते ६०, १०२ ते १०५ ला १०० ते १२० आणि त्याहून मोठ्यांना १५० ते २०० सीसी असं जमतं. या खाचांच्या मधलं इंजिन घ्यायचं तर कारण पक्कं हवं.

प्रश्न : इंजिन काउलमध्ये (नाकावरच्या आवरणात) बसेल की नाही, हे विकत घेण्याआधी कसं कळेल?

उत्पादक मापांचा आराखडा देतात. तो खऱ्या मापात छापून पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा आणि काउलमध्ये धरून बघा. तीन मापं महत्त्वाची. पहिलं, फायरवॉलपासून (इंजिन ज्यावर बसतं त्या भिंतीपासून) प्रॉपच्या बैठकीपर्यंतचं अंतर. इंजिन त्यापेक्षा आखूड असेल तर मधली जागा स्टँडऑफने (मध्ये घालायच्या आधारांनी) भरता येते; लांब असेल तर काही करता येत नाही. दुसरं, डोक्यावरची प्लगची टोपी. ती धरून काउलपासून किमान ६ मिमी मोकळी जागा सोडा, कारण चालू होताना आणि बंद पडताना सिंगल इंजिन सर्वांत जास्त हलतं. तिसरं, एक्झॉस्टची दिशा. उदाहरणार्थ, डीएलई कंपनीच्या ५५ इंजिनाचा एक्झॉस्ट बाजूला निघतो, ५५ आरए चा मागे. मागच्या एक्झॉस्टमुळे काउल कमी कापावं लागतं, पण फायरवॉलसमोर मफलरला जागा लागते.

भोकं पाडताना बरेच जण उजव्या थ्रस्टचा (इंजिन मुद्दाम किंचित उजवीकडे वळवण्याचा) हिशेब विसरतात. फायरवॉल अडीच अंश उजवीकडे वळलेली असेल आणि प्रॉपची बैठक १७० मिमी पुढे असेल, तर शाफ्टचं टोक साडेसात मिमी उजवीकडे सरकतं. म्हणून इंजिनाचा मध्य फायरवॉलवर तितकाच डावीकडे घ्यायचा, कॉकपिटमधून पाहताना डावीकडे. नाहीतर स्पिनर (प्रॉपच्या मधली टोपी) काउलच्या मधोमध येत नाही आणि मग लोक काउलच वाकडं बसवतात.

बोल्ट लावण्याआधी फायरवॉलचे सांधे आतून तपासा. तयार मॉडेलांत कधी कधी गोंद नुसता टिपल्यासारखा असतो. कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या आणि तीस मिनिटांचा इपॉक्सी हवा, पाच मिनिटांचा नव्हे. बोल्टांमागे रुंद वॉशर घाला आणि धातूत जाणाऱ्या प्रत्येक आट्याला निळं थ्रेडलॉक लावा.

प्रश्न : ६० सीसीला कॅनिस्टर मफलर (विमानाच्या पोटात बसणारा लांब मफलर) लावावा का?

आवाज कमी करायचा असेल तर जरूर लावा. ताकदीसाठी लावणार असाल, तर हेडरची (इंजिनापासून मफलरपर्यंतच्या नळीची) लांबी इंजिनाला जुळवावी लागेल. ती चुकली तर फायदा मिळत नाही. शिवाय विमानाच्या पोटात बोगदा हवा आणि त्या बोगद्यातून गरम हवा मागे निघायला वाट हवी. बोगदा मुळात नसेल तर साधा मफलरच ठेवा.

प्रश्न : प्रॉप २२×८, २३×८ की २२×१०?

पहिला आकडा व्यास, दुसरा पिच, दोन्ही इंचांत. एक सोपा हिशेब करा. २२×८ मिनिटाला ७,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर पिचच्या हिशेबाने वेग ताशी ८५ किमी येतो. तेच इंजिन २२×१० समजा ६,४०० फेऱ्यांनी फिरवेल, तर वेग ९७ किमीच्या वर जातो, पण खालच्या वेगातली ओढ घटते. हॉवर आणि हॅरियरसाठी (नाक वर ठेवून अगदी हळू उडण्यासाठी) २३×८, लांबलचक उभ्या रेषा आणि स्नॅप रोलसाठी (झटक्यात घेतलेल्या गिरकीसाठी) २२×१०. दोन्ही मिळून उडवणाऱ्याने २२×८ पासून सुरुवात करावी. तीन पात्यांचा प्रॉप घ्यायचा असेल तर व्यास एखाद इंचाने कमी करा. जमिनीपासूनची उंची वाढते, आवाज सौम्य होतो, ओढ थोडी कमी होते. लाकडी प्रॉप बोल्टांखाली दबतो, म्हणून पहिल्या उड्डाणानंतर सगळे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळा.

प्रश्न : जमिनीवर इंजिन झकास चालतं. हवेत चार-पाच मिनिटं झाली, विशेषतः हॉवर केलं, की दम सोडतं. नीडल (कार्ब्युरेटरचा पेट्रोलचा स्क्रू) रिच करूनही, म्हणजे पेट्रोल वाढवूनही, फरक नाही.

दम कसा सोडतं, यावर उत्तर आहे. हळूहळू ताकद उतरत असेल आणि थ्रॉटल कमी ठेवून सरळ उडवलं की दोन मिनिटांत परत येत असेल, तर इंजिन तापतंय. हॉवरमध्ये समोरून वारा नसतो आणि प्रॉपचा बुंध्याजवळचा भाग फारशी हवा ढकलत नाही, त्यामुळे तिथेच घात होतो.

इथे बहुतेक जण काउलची पुढची तोंडं मोठी करतात आणि प्रकरण आणखी बिघडतं. हवा बाहेर पडली नाही तर आत शिरणार कशी? बाहेर पडायची वाट आत यायच्या वाटेच्या अडीच ते तीनपट हवी. आत ४० चौरस सेंमी, तर बाहेर १०० ते १२०. मागच्या खालच्या कडेला छोटा ओठ बाहेर वळवला की तिथून हवा बाहेर ओढली जाते. दुसरं काम बॅफलचं. हवा सोप्या वाटेने, म्हणजे सिलिंडरच्या बाजूने निसटते. पातळ प्लायचा पडदा काउलच्या आत असा बसवा की हवेला सिलिंडरच्या पंख्यांमधूनच (सिलिंडरवरच्या थंड करणाऱ्या पातळ पट्ट्यांमधूनच) जावं लागेल. पडदा आणि पंख्यांमध्ये ३ ते ५ मिमीपेक्षा जास्त फट नको. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींना स्वतंत्र वाट द्या. एक थंड आणि एक गरम चालणारं ट्विन ट्यून होतच नाही.

तापण्याशी संबंध नसून वेग बदलताच मिश्रण बदलत असेल, म्हणजे डाइव्हमध्ये इंजिन अडखळतं आणि वर जाताना साफ होतं, तर संशय कार्ब्युरेटरवर घ्या. वॉलब्रो धाटणीच्या कार्बच्या झाकणाला बारीक भोक असतं. कार्बमधल्या लवचिक पडद्याच्या (डायफ्रामच्या) बाहेरच्या बाजूला तिथून हवेचा दाब मिळतो. काउलमधला दाब वाढला की पडदा आत ढकलला जातो आणि मिश्रण रिच होतं. घटला की लीन (पेट्रोल कमी). भोकावर नळीचं तोंड असलेलं झाकण बसवून नळी फायरवॉलमागे, जिथे हवा शांत असते तिथे न्यावी.

दोन्ही नसेल, तर टाकीतला क्लंक फिल्टर (नळीच्या टोकाचा जड गाळणा) आणि नळ्या पाहा. इंजिन चालू असताना पेट्रोलच्या नळीत बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा ओढली जातेय. कार्बमधली बारीक जाळीही तुंबते. इथेनॉल असलेल्या पेट्रोलने पडदा कडक होतो, हेही जुन्या कार्बमध्ये नेहमीचं.

नीडल शेवटी लावायच्या. दोन्ही, म्हणजे हाय (पूर्ण थ्रॉटलची) आणि लो (कमी थ्रॉटलची), दीड फेरा उघडून सुरुवात करा. पूर्ण थ्रॉटलला हाय नीडल आत फिरवत इंजिनाच्या मिनिटाला जास्तीत जास्त फेऱ्या गाठा आणि मग त्या १०० ते २०० ने कमी होतील इतकी बाहेर काढा. लो नीडल पूर्ण थ्रॉटललाही थोडं पेट्रोल देते, म्हणून ती बदलली की हाय पुन्हा तपासायची.

प्रश्न : रन-इनला (नवं इंजिन रुळवताना) पेट्रोलमध्ये तेल किती?

३० ला १, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला १६७ मिली. तेल दोन-स्ट्रोकचं आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं हवं. रन-इन जमिनीवर तासन्‌तास आयडलवर ठेवून करू नका, थोडं रिच ठेवून उडवत करा. पहिले आठ-दहा लिटर संपले की पुस्तिका परवानगी देत असेल तर ४० ला १, म्हणजे पाच लिटरला १२५ मिली. जास्त ऑक्टेनने या इंजिनांची ताकद वाढत नाही.

प्रश्न : इग्निशनला वेगळी बॅटरी आणि वेगळा स्विच लागतोच का?

बॅटरी वेगळीच ठेवा, आणि रिसीव्हरमधून चालणारा ऑप्टिकल किल स्विचही लावा. थ्रॉटलची तार तुटली तर इंजिन बंद करायचा दुसरा मार्ग नाही. ऑप्टिकल यासाठी, की त्यात रिसीव्हर आणि इग्निशन यांच्यात विजेची जोडणी नसते. इग्निशन, त्याची बॅटरी आणि वायर पुढे, रिसीव्हर मागे, मध्ये ३० सेंमी. थ्रॉटलच्या रॉडला एका टोकाला तरी प्लॅस्टिकचा बॉल लिंक हवा. धातू धातूवर घासला की गोंगाट तिथूनच सुरू होतो. प्लगची फट ०.५ ते ०.६ मिमी ठेवा आणि टोपीची कडी प्लगच्या षटकोनावर घट्ट बसते ना ते पाहा, सैल टोपीनेही रेडिओ फडफडतो. किल स्विच तपासताना विमान शेपटीकडून दुसऱ्याने धरलेलं असावं. ट्रान्समीटर बंद करूनही एकदा बघा: फेलसेफने (सिग्नल तुटला की आपोआप लागू होणाऱ्या सेटिंगने) इंजिन थांबलंच पाहिजे.